कपाशीतला पिवळा ढालकिडा

रस्त्याकडेच्या रुईला कोणी पाणी घालत नाही आणि कोणी औषधही मारत नाही. किडींचं आपापसातलं राजकारण बघायचं तर म्हणूनच रुईसारखी जागा नाही. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांच्या देठांवर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दाटीवाटीनं बसलेला असतो. तिथेच दोन मिनिटं नजर फिरवली, की ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा एक गोलसर, चकचकीत किडा दिसतो. पाठ पिवळसर नारिंगी, तिच्यावर काळ्या नागमोडी रेघा, आणि दोन पंख जुळतात तिथून खाली गेलेली एक सरळ काळी रेघ. कधी पाठ लालसर असते, कधी रेघा तुटून नुसते ठिपके उरतात. महाराष्ट्राच्या शेतात सगळ्यात जास्त भेटणाऱ्या ढालकिड्यांपैकी हा एक.

त्याचं शास्त्रीय नाव चायलोमेनस सेक्समॅक्युलेटा. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७८१ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. कृषी विद्यापीठांच्या जुन्या पुस्तिकांत तो ‘मेनोचिलस’ म्हणून भेटतो. नाव बदललं, किडा तोच. कपाशी, चवळी, ज्वारी, मका, भुईमूग, भेंडी अशा पिकांवर तो असतो आणि लिंबूवर्गीय झाडांवरची सायलाही तो खातो. भारतभर तो आहेच, शिवाय पूर्वेकडे इंडोनेशिया-फिलिपाइन्सपर्यंत त्याचा वावर आहे. उन्हाचं त्याला फारसं वावडं नाही. त्याचा भाऊबंद, लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा, थंडीत करडई, गहू, मोहरीवर जोमात असतो आणि ऊन तापायला लागलं की दिसेनासा होतो. खरिपाची बरीचशी राखण मात्र या पिवळ्याकडे.

ढालकिड्यांच्या जगात सुमारे सहा हजार जाती आहेत. भारतीय उपखंडातल्या जातींची तपशीलवार यादी जे. पूरानी यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात, पानं खाणारा गट वगळूनही, चारशेच्या आसपास जाती आहेत. सगळेच काही मावा खात नाहीत. स्टेथोरस नावाचा मोहरीएवढा काळा ढालकिडा लाल कोळी खातो. इलिस सिंक्टा हा लिंबासारखा पिवळा किडा तर चक्क भुरी रोगाची बुरशी चरतो. वेलवर्गीय भाज्यांच्या भुरी पडलेल्या पानावर तो दिसला की पुष्कळजण त्यालाच रोगाचं कारण समजतात.

पिवळ्या ढालकिड्याचं काम कळायला आधी मावा कळला पाहिजे. आपल्याकडच्या उष्ण हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, आणि अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देतात. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. आई, लेक आणि नात अशा तीन पिढ्या एकाच इवल्याशा देहात असतात म्हणा ना. अनुकूल हवेत आठवडाभरात पिल्लू वयात येतं आणि रोज चार-पाच नवी पिल्लं द्यायला लागतं. गर्दी वाढली किंवा झाड कोरडं पडू लागलं, की पंखवाली पिढी निघते आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जाते.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचा कच्चा माल मात्र नगण्य. तो पुरेसा मिळावा म्हणून माव्याला रस अखंड ओढावा लागतो, आणि नको असलेली साखर मागच्या बाजूनं थेंबाथेंबानं टाकावी लागते. ज्वारीवर ‘चिकटा पडला’ म्हणतात तो हाच. चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान काजळतं, त्याचं अन्न तयार करणं मंदावतं. फुटलेल्या बोंडांवर हा पाक सांडला तर कापूस चिकट होतो आणि गिरणीत त्रास देतो. शिवाय माव्याच्या कितीतरी जाती एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडाला पोचवतात. मावा एवढासा असला तरी त्याचं नुकसान असं चहूबाजूंनी होतं.

आता ढालकिड्याची मादी काय करते ते बघू. माव्याची वस्ती हेरून ती जवळच, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, पिवळ्या, लांबट अंड्यांचा पुंजका घालते. अंडी टोकावर उभी, एकमेकांना खेटून. दोन-चार दिवसांत ती करडी पडतात आणि त्यांतून काळपट अळ्या निघतात. या अळ्या चार वेळा कात टाकतात. चौथ्या वेळी कोष होतो. आठ-दहा दिवस त्यांना खाण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. पूर्ण वाढलेली अळी निमुळती, सहा लांब पायांची, अंगावर खडबडीत गाठी आणि पांढरे-पिवळे डाग असलेली, मगरीसारखी दिसते. मग ती शेपटीकडून पानाला चिकटते, कोष होतो आणि चार-पाच दिवसांत नवा ढालकिडा बाहेर पडतो. बाहेर येताना तो फिका, मऊ आणि बिनठिपक्यांचा असतो. काही तासांत रंग आणि रेघा उमटतात. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण दोन-अडीच आठवडे, थंडीत थोडे जास्त.

अळी असताना एकटी ती काही शे मावा फस्त करते, त्यातला मोठा वाटा शेवटच्या टप्प्यात. प्रौढ किडा रोज काही डझन खातो आणि काही आठवडे जगतो. नेमका आकडा माव्याची जात, त्याचं वय आणि हवेची उष्णता यांवर ठरतो, त्यामुळे ‘दिवसाला पन्नास’ असल्या आकड्यांना मी फार किंमत देत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की खरी कामकरी अवस्था अळीची आहे.

आणि घोटाळा नेमका इथेच होतो. गोंडस ठिपक्यांचा ढालकिडा मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात असतो, पिशव्यांवर असतो. त्याची अळी मात्र कुठेच नसते. शेतात ती दिसली की ‘नवीनच अळी आली’ म्हणून दुकानात चौकशी होते आणि पंप भरला जातो. कोषाचीही तीच गत. पानाला चिकटलेला तो नारिंगी-काळा गोळा रोगाचा डाग समजून पान तोडलं जातं. द्राक्षबागेत तर याहून गंमत आहे. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे धागे बाळगते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पैसे मोजून आणलेले किडे बागेत सोडायचे आणि त्यांची पोरं ढेकूण समजून चिरडायची, हा प्रकार सहज होऊ शकतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ढालकिड्यांच्या कुळात एक शाखा पानं खाणारी आहे. वांग्यावर, कारल्यावर, काकडीवर पानाचा हिरवा भाग खरवडून मागे शिरांची जाळी ठेवणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना, ज्याला बरेचजण हड्डा भुंगेरा म्हणतात, तो याच कुळातला. त्याला ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे ती मळकट, बिनचमकेची दिसते. मित्र ढालकिड्यांची पाठ बहुतेक वेळा तुकतुकीत असते. एपिलॅक्नाची अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांनी भरलेली. आणि मुख्य म्हणजे, तो जिथे असतो तिथे पान खाल्लेलं असतं. मावा खाणारा ढालकिडा पानाला तोंड लावत नाही.

ढालकिडा हातात धरला की बोटाला पिवळा, उग्र वासाचा थेंब लागतो. ते त्याचं रक्तच असतं. धोका जाणवला की पायांच्या सांध्यांतून तो मुद्दाम रक्त सोडतो, आणि त्या रक्तात कडवट अल्कलॉइड असतात. भडक रंग ही त्याचीच जाहिरात आहे: खाल तर पस्तावाल. पक्षी एकदा चव घेतात आणि शहाणे होतात. मुंग्यांपुढे मात्र ही मात्रा पूर्ण चालत नाही. चिकट्याच्या लोभानं मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना चावून हुसकावतात, त्यांची अंडी पळवतात. फळझाडाच्या खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर वर मावा किंवा खवले कीड आहे आणि तिचे शत्रू तिथे टिकत नाहीत, असा अंदाज बहुधा खरा ठरतो.

एवढा खादाड मित्र शेतात असताना मावा शिल्लक राहतोच कसा? हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ वाटतो. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले अँथनी डिक्सन यांनी आयुष्यभर मावा आणि ढालकिडे यांच्या नात्याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माव्याची पिढी आठवड्याची, ढालकिड्याची तीन आठवड्यांची. माव्याची एखादी वस्ती काही आठवडे फुलते आणि मग झाड सुकल्यानं, पंख फुटून उडून गेल्यानं किंवा शत्रूंमुळे ओसरते. मादीनं तिथे उशिरा अंडी घातली, तर अळ्या मोठ्या होईपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. उपाशी अळ्या मग एकमेकींना खातात, शेजारची अंडीही सोडत नाहीत. म्हणून मादी वस्ती कोवळी असतानाच, मोजकीच अंडी घालते. अळ्या चालताना पानावर जो अंश सोडतात, त्यावरून इथे आधीच पोरं आहेत हे तिला कळतं आणि ती दुसरी जागा बघते. तिच्या वंशाच्या दृष्टीनं हे शहाणपण, पण परिणाम असा, की माव्याचा पूर्ण नायनाट करण्याइतके ढालकिडे एका वस्तीवर बहुधा जमतच नाहीत.

कॅलिफोर्नियातली प्रसिद्ध गोष्ट याच हिशेबानं उलगडते. १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या कापसी खवले किडीनं तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करायला घेतल्या. अमेरिकी कृषी खात्यातले चार्ल्स रायली यांनी १८८८ साली अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियात पाठवलं. कोबेले यांनी बोटीनं धाडलेल्या पहिल्या काही खेपांमधून रोडोलिया या ढालकिड्याचे १२९ जिवंत नमुने पोचले, आणि पुढच्या वर्षाअखेर बागा सावरल्या. पुढे निलगिरीत वॉटलच्या झाडांवर तीच कीड आली, तेव्हा तिथेही हाच किडा आणला गेला. रोडोलियाला हे जमलं, कारण त्याची पिढी खवले किडीच्या पिढीपेक्षा लांब नाही. आणि खवले कीड एका जागी बसून राहते, पंख लावून पळून जात नाही. माव्याच्या बाबतीत तसा चमत्कार मागणं हा ढालकिड्यावर अन्याय आहे.

आपल्याकडचा एक अनुभव याला जोडून बघण्यासारखा आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या ऊसपट्ट्यात पसरला. पानाखाली पांढऱ्या मेणाची लोकर, त्याखाली मावा. उभ्या उसात फवारणी जवळजवळ अशक्य. ढालकिडे आले, पण उसाच्या फडात खरा भार उचलला तो दुसऱ्याच दोघांनी: शेतकऱ्यांच्या तोंडी ‘कोनोबाथ्रा’ म्हणून रुळलेली डिफा ही मांसाहारी अळी, आणि मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक. ते असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावली गेली, त्यांची पैदास केली गेली. तेव्हा कुठला मित्रकीटक कुठे चालेल हे शेत ठरवतं, आपली आवड नाही.

मग पिवळ्या ढालकिड्याचा उपयोग काय? उपयोग आहे तो सुरुवातीच्या काळात. पीक लहान आहे, पानामागे चार-दोन मावा आहे, तेव्हा ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या आणि माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीच्या नात्यातल्या चिमुकल्या माश्या, असे सगळे मिळून माव्याची झेप रोखून धरतात. झाडांना बारीक जाळी लावून या मंडळींना बाहेर ठेवलं, की आतला मावा भराभर चढतो, हे निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. मावा एकदा पानोपानी माजल्यावर ढालकिडे जमतात खरे, पण तोवर चिकटा पडलेला असतो. शेतकरी तेव्हाच ते बघतो आणि म्हणतो, ‘इतके किडे आहेत, पण काही फरक नाही.’ त्याचं निरीक्षण चूक नाही. फक्त किड्यांनी आधीच्या महिन्यात केलेलं काम कोणाला दिसलेलं नसतं.

ते काम मोडतं लवकरच्या फवारणीनं. पेरणीनंतर थोड्याच दिवसांत ‘सेफ्टी म्हणून’ मारलेला फवारा माव्याबरोबर त्याच्या शत्रूंनाही मारतो. उरलेला मूठभर मावा आठवड्यात पूर्ववत होतो. ढालकिड्याला तीन आठवडे लागतात, आणि मधल्या काळात खायला काही नसल्यानं तो परत येतोच असं नाही. दुसऱ्या फवाऱ्याची गरज पहिल्या फवाऱ्यानंच तयार केलेली असते. औषधविक्रेता त्याला नवीन प्रादुर्भाव म्हणतो. डायमेथोएटसारखी जुनी औषधं आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड ढालकिड्यांवर थेट घाला घालतात. झाडात मुरणारी नवी औषधं वरवर सौम्य वाटतात, पण विषारी रस प्यालेला मावा खाऊन ढालकिड्यालाही विष चढू शकतं. निंबोळी अर्क यांच्यापेक्षा बराच बरा. तरी अगदी निर्धोक तोही नाही, कोवळ्या अळ्यांच्या कात टाकण्यात तो अडथळा आणतो.

आता बाजारात किडे मिळतात, ते आणून सोडले तर? द्राक्ष, पेरू, सीताफळ यांच्यावरच्या पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस आणणं शहाणपणाचं ठरू शकतं. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी दक्षिण भारतात आणलेला. त्या कामात तो नापास झाला, पण पिठ्या ढेकणावर इथेच रमला. मावा खाणाऱ्या प्रौढ ढालकिड्यांचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेत डोंगरात थंडीसाठी गोळा झालेले ढालकिडे पोत्यांनी भरून वर्षानुवर्षं विकले जातात; बागेत सोडल्यावर त्यातले बहुतेक दोन-चार दिवसांत उडून जातात. परक्या जाती आणण्यात तर वेगळाच धोका. आपल्याकडे सहज दिसणारा सात ठिपक्यांचा ढालकिडा १९५० च्या दशकापासून अमेरिकेत मुद्दाम नेऊन सोडला गेला, त्यात भारतातून नेलेलेही होते. १९७३ साली तो तिथे स्थिरावल्याचं दिसलं. त्यानंतरच्या वर्षांत तिथला मूळचा नऊ ठिपक्यांचा ढालकिडा ईशान्य अमेरिकेतून जवळजवळ नाहीसा झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कनं त्याला आपला राज्यकीटक म्हणून मान दिला, तोपर्यंत तो त्या राज्यात सापडेनासा झाला होता. ऱ्हासाची सगळी कारणं अजून वादात आहेत, पण नव्या पाहुण्यावर संशय आहेच. आपल्याकडे असा परका ढालकिडा आणण्याची गरजही नाही. मावा खाणारे घरचे भरपूर आहेत.

त्यांना थांबवून ठेवायचं तर वर्षभर काहीतरी खायला लागतं. कपाशीत चवळीच्या ओळी किंवा कडेनं मका-ज्वारी लावायची शिफारस यासाठीच आहे. चवळीवरचा काळा मावा वेगळा, कपाशीवरचा वेगळा. चवळीवर पोसलेला ढालकिडा कपाशीवर उतरतो, चवळीचा मावा मात्र कपाशीचं पीक बिघडवायला येत नाही. अट एकच, चवळीवर मावा दिसताच तिच्यावर फवारू नये. मला तर बांध तणनाशकानं साफ करण्याची नवी सवयही फार महागाची वाटते. बांधावरची रुई आणि रानफुलं म्हणजे ढालकिड्यांचा आडदिवसांचा शिधा आहे; मावा नसतो तेव्हा परागकण आणि मधही ते खातात. पिवळे चिकट सापळे लावणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: पिवळा रंग ढालकिड्यांनाही ओढतो. सापळ्यावर माव्यापेक्षा तेच जास्त चिकटत असतील तर काही सापळे काढलेले बरे.

कपाशीत पानामागे सरासरी दहा मावा ही फवारणीचा विचार करायची पातळी मानतात. ती गाठण्याआधी पंपाला हात लावू नये, आणि गाठल्यावरही आधी वीसेक झाडांची वरची, मधली, खालची पानं उलटून बघावीत. पिवळी उभी अंडी, मगरीसारख्या अळ्या किंवा चिकटलेले कोष जागोजाग दिसत असतील, तर तीन दिवस थांबून त्याच झाडांवर पुन्हा मोजणी करावी. मावा उतरणीला लागला असेल तर औषधाचे पैसे वाचले. चढत असेल तर फवारणी करावी, पण जिथे मावा आहे तेवढ्याच ओळींवर.